‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे नक्की काय करायचं?

ज्या ताईंनी प्रश्न विचारलाय त्या ४६ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. नवरा नोकरीसाठी पुण्यात, शनिवार-रविवार घरी. मुलगा दहावीत. सासूबाईंना तीन वर्षांपासून डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळण्याचा आजार, आणि त्या रात्री-अपरात्री उठून बाहेरच्या दाराची कडी काढायला जातात. ताईंना वर्षभर छातीत धडधड, मान-खांदे आखडणं, पित्त, पहाटे तीनला जाग आणि पोटाचा वाढता घेर. क्लिनिकमध्ये बीपी १४८/९२ भरलं. ईसीजी, इको आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “काही नाही, टेन्शन घेऊ नका,” आणि रात्रीसाठी अल्प्राझोलाम ही झोपेची, मन शांत करणारी गोळी लिहून दिली. मान दुखली की मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात. त्यांनी विचारलंय तीन गोष्टींबद्दल: टेन्शनने खरंच एवढं होतं की हे माझ्या मनाचे खेळ आहेत? टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे काय, सासूबाईंना टाकून जाऊ का? आणि अश्वगंधा घेऊ का?

ताई, मी फिजिशियन आहे, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करते, आणि तुमच्यासारख्या बायका आठवड्यातून दोन-तीन तरी माझ्यासमोर बसतात. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी ताडून बघा. पण मनाचे खेळ हे उत्तर मी ठामपणे खोडते. धडधड, आखडलेले खांदे, जळजळ हे सगळं शरीरात घडतंय. त्याला कारण ताण असेल, नसेल, किंवा ताण आणि आणखी काही असेल. माझा अंदाज तिसऱ्याचा आहे.

आधी शरीरात काय होतं ते. धोका जाणवला की मेंदूतून दोन संदेश निघतात. एक नसांवाटे, सेकंदात पोचणारा: किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनॅलिन सोडतात, नाडी आणि बीपी चढतं, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. दुसरा रक्तातून, जरा सावकाश जाणारा: मेंदूतला हायपोथॅलॅमस, मग त्याखालची पिट्यूटरी ग्रंथी, मग पुन्हा त्याच अॅड्रिनल ग्रंथी, आणि पाच-दहा मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढायला लागतं. त्याचं काम म्हणजे यकृतातून साखर रक्तात सोडणं, म्हणजे पळायला किंवा लढायला इंधन कमी पडू नये. सासूबाई जिन्याच्या कडेला उभ्या दिसल्या आणि तुम्ही धावत जाऊन हात धरलात, तेव्हा ही यंत्रणा बरोबर तिचं काम करते. अर्ध्या-एक तासात सगळं खाली यायला हवं.

तुमच्या बाबतीत ते खाली येत नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ताण किती मोठा आहे यापेक्षा तो उतरायला जागा मिळते का, हे मी आधी बघते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ मध्ये हेच मांडलं: जुळवून घेणारी यंत्रणाच सतत चालू राहिली की तिची झीज शरीराला भोगावी लागते. कॉर्टिसॉलची पातळी एरवी सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. रात्रभर एक कान दाराच्या कडीकडे असला की तो रात्रीचा उतार नीट मिळत नाही. वॉचमन खुर्चीत डुलकी घेतो तशी तुमची झोप झाली आहे: डोळे मिटलेले, पण ड्युटी चालूच. आणि पहाटेच्या सुमारास झोप तशीही हलकी होते आणि कॉर्टिसॉल चढायला लागतं, म्हणून कुत्रं भुंकलं तरी तीनला जाग येते.

क्लिनिकमध्ये मी एक करते. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघता बघता घरच्या गप्पा काढते. मुलगा कितवीला, शाळा किती लांब, इथपर्यंत नाडी ऐंशीच्या आत असते. मग विचारते, “आई रात्री झोपतात का?” पेशंट हसून म्हणते, “चाललंय, बरं आहे.” पण बोटांखाली नाडी पळायला लागलेली असते आणि खांदे कानांकडे सरकलेले असतात. स्वतःच्या खांद्यांकडे एकदा लक्ष देऊन बघा. आत्ता हे वाचताना ते कुठे आहेत? दिवसाचे पंधरा तास ते तिथेच राहिले तर मान दुखणारच, त्यासाठी मणक्यात काही बिघडायला लागत नाही.

तुमच्या परिस्थितीशी थेट जुळणारा एक अभ्यास सांगते. अमेरिकेत ओहायोमध्ये १९९५ साली डिमेन्शियाच्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या, त्याच वयाच्या १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर कोपराच्या जरा खाली साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहिलं. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान आहे, पण एवढ्याशा जखमेला नऊ दिवस हा फरक कुणी मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ शकत नाही. हृदयाबद्दल इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात ५२ देशांतले, पहिला हार्ट अॅटॅक आलेले ११ हजारांवर पेशंट होते. कायम ताणाखाली असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण निरोगी लोकांपेक्षा त्यांच्यात बरंच जास्त निघालं. अर्थात अॅटॅक येऊन गेल्यावर माणसाला मागचं वर्ष जास्तच वाईट आठवतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता दुसरी बाजू. आम्ही डॉक्टर ‘टेन्शन’ म्हणून फार लवकर मोकळे होतो. पोटातल्या अल्सरला कित्येक दशकं ताण आणि तिखट जबाबदार धरलं गेलं. मग ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागे पुष्कळदा जिवाणू असतो हे दाखवलं आणि २००५ चं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हा तुमच्या यादीतलं ताणावर टाकण्याआधी मी काही गोष्टी तपासल्याशिवाय राहणार नाही.

तुमचं वय ४६. पाळी अनियमित झाली आहे का? अंगातून गरम वाफा येऊन, घाम फुटून जाग येते का? पाळी जाण्याच्या काळात धडधड, तुटक झोप आणि पोटावर चरबी हे तिन्ही ताणाशिवायही होतं. पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, त्यानेही धडधडतं. थायरॉईड दोन्ही बाजूंनी फसवतो: जास्त झाला तर धडधड, कमी झाला तर वजन. म्हणून सीबीसी (हिमोग्लोबिन त्यात कळतं), टीएसएच (थायरॉईड), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) एवढं करून घ्या. एचबीए१सी मुद्दाम सांगते, कारण उपाशीपोटीची एकच साखर नॉर्मल आली म्हणजे सगळं आलबेल असं नसतं, ५.७ ते ६.४ च्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात असाल तर आत्ताच कळलेलं बरं. तुम्ही घोरता का, हे घरी विचारा. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि त्याने बीपी चढतं.

एक गोष्ट मात्र वाट बघण्यातली नाही. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दाब येणं, त्याबरोबर दम, गार घाम, जबडा किंवा हात भरून येणं असं झालं तर पित्त समजून सोडा-लिंबू पीत बसू नका. बायकांमध्ये हार्ट अॅटॅक पुष्कळदा नुसता दम, मळमळ आणि विलक्षण थकवा असाच येतो. सरळ १०८ लावा.

बीपीचं बघू. १४८/९२ हा आकडा एका दिवसाचा, क्लिनिकमधला, कदाचित शाळा सुटल्यावर धावतपळत येऊन मोजलेला. त्यावरून मी निदान करणार नाही आणि दुर्लक्षही करणार नाही. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून मग मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तुम्हाला बीपी आहे, असं धरून डॉक्टरांकडे जा.

इथे एक गैरसमज मला रोज भेटतो: “ताणामुळे वाढलंय ना, मग गोळी कशाला? ताण गेला की उतरेल.” ताणाच्या क्षणी बीपी चढतं हे नक्की. ते कायमचं चढून बसतं त्यात झोप, वजन, मीठ आणि आईवडिलांकडून आलेलं असं सगळं मिसळलेलं असतं, आणि त्यातला ताणाचा वाटा किती हे कुणीही वेगळं काढून सांगू शकत नाही. रक्तवाहिन्यांना कारणाशी देणंघेणं नसतं. सरासरी जास्त असेल, डॉक्टरांनी गोळी सांगितली, तर घ्या. पुढे झोप आणि वजन सुधारलं तर डोस कमी होतोही.

तुमच्या दोन गोळ्यांबद्दल. मानेची गोळी बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक असणार. त्या गटातल्या गोळ्या पोटाचं अस्तर दुखावतात आणि बीपीही वाढवतात. म्हणजे तीन तक्रारींपैकी एकीवर औषध घेऊन तुम्ही उरलेल्या दोन वाढवत असाल. पट्टीवरचं नाव बघा, तेच असेल तर बंद करा. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. अल्प्राझोलामची सवय लागते आणि हळूहळू तेवढ्यावर भागत नाही. काही आठवडे रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, त्याने झोप आणि धडधड दोन्ही उलटतात. कशी कमी करायची ते लिहून मागा.

आता खरा प्रश्न: ताणाचं काय करायचं. सासूबाईंचा आजार जाणार नाही, दहावी याच वर्षी आहे, नवऱ्याची बदली तुमच्या हातात नाही. त्यामुळे टेन्शन घेऊ नका हा सल्ला तुम्हाला निरुपयोगी वाटला, तो आहेच निरुपयोगी. मी दोनच ठिकाणी बघते. हा बोजा मुळात कुठे हलका होतो का, आणि दिवसातून काही वेळा शरीर खाली कसं येईल.

बोजा हलका करण्याची पहिली जागा तुमच्या नव्हे, सासूबाईंच्या फाईलमध्ये आहे, आणि ती सगळेच विसरतात. त्या रात्री का उठतात? डिमेन्शियात संध्याकाळनंतर अस्वस्थपणा वाढतो हे खरं, पण त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या असतात. बीपीसाठी लघवी करवणारी गोळी संध्याकाळी चालू आहे का? ती सकाळी देता येते. दुपारी दोन-तीन तास झोपतात का? संध्याकाळी पाचनंतर चहा होतो का? पोट साफ होतं का, गुडघे दुखतात का, लघवीला जळजळ आहे का? अशा पेशंटना दुखतंय हे सांगता येत नाही, त्या नुसत्या उठून फिरतात. आणि हे वागणं अलीकडेच अचानक वाढलं असेल तर लघवीची तपासणी आधी करा. माझ्या एका पेशंटची आई पहाटे पहाटे गावाकडे जायचं म्हणून निघायची. बद्धकोष्ठ सुटलं आणि गोळीची वेळ बदलली, तर आठवड्यातल्या बऱ्याच रात्री शांत जायला लागल्या. दाराला उघडलं की वाजणारा साधा सेन्सर बसवा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. मग राखण तो करील, तुमच्या कानाला करायला नको.

दुसरी जागा म्हणजे वाटणी. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री नवऱ्याच्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं, आणि आईने हाक मारली तरी उठायचं नाही. पहिल्या एक-दोन खेपेला तुम्ही जाग्याच राहाल, तेही होतं. नणंद असेल, जाऊ असेल, तर “जरा मदत करत जा” असं म्हणून काही होत नाही. “गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ तू ये” असं म्हटलं तर होण्याची शक्यता असते. परवडत असेल तर दिवसा चार तास बाई ठेवा. ‘लोक काय म्हणतील’वर माझ्याकडे औषध नाही. पण सांभाळणारीच आडवी झाली तर सासूबाईंचं काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलंय. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था १९९२ पासून काम करते. त्यांच्याकडून सांभाळणाऱ्यांच्या गटाची माहिती घ्या. दुसरीच्या सासूनेही फ्रिजमध्ये चपला ठेवल्या हे ऐकून जेवढं हलकं वाटतं तेवढं माझ्या कुठल्याच गोळीने वाटत नाही.

शरीर खाली आणायचा सर्वांत स्वस्त उपाय श्वास. गूढ काही नाही: श्वास सोडताना हृदय जरा हळू होतं, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने चार आकडे घेणं, सहा आकडे सोडणं, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं. वेगळा वेळ काढायला जाऊ नका, निघणार नाही. स्कूटी शाळेत लावल्यावर हेल्मेट काढून दहा श्वास, संध्याकाळी घराचं दार उघडण्याआधी दहा, अंथरुणावर पाच मिनिटं. चक्कर आली तर तुम्ही जोर लावून श्वास घेताय, हलका करा.

त्याच्या पुढची पायरी शवासन. १९६९ मध्ये मुंबईच्या केईएममधल्या डॉ. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ पेशंटना पद्धतशीर शवासन शिकवलं आणि अनेकांचं बीपी उतरल्याचं, काहींच्या गोळ्या कमी झाल्याचं नोंदवलं. आजच्या कसोटीला तो अभ्यास छोटा आहे, म्हणून मी शवासन गोळीऐवजी सांगत नाही, गोळीबरोबर सांगते. आणि आपल्याकडे शवासन म्हणजे पाच मिनिटं आडवं पडून उद्याच्या डब्याचा विचार, तसं नको. पायाची बोटं आवळा, पाच आकडे धरा, सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. आवळल्याशिवाय सैल म्हणजे काय ते ताठलेल्या स्नायूला समजत नाही. तुमच्यात खांदे आणि जबडा हेच दोन चोर असणार.

चालणं. घरकामात दिवसभर फिरते, हा व्यायाम धरू नका. त्यात शरीर थकतं पण दम लागत नाही, आणि डोकं ड्युटीवरच असतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एकरकमी जमत नसेल तर शाळेच्या आधी पंधरा, संध्याकाळी पंधरा. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली की झालं.

झोपेचं: दुपारी तीननंतर चहा बंद, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-एक तास घेतं. रात्री जेवण आणि झोप यात दोन-तीन तास, पित्तासाठीही. झोपण्याआधी उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवा, म्हणजे ती पहाटे तीनला तुमच्याकडे यायची नाही. जाग आलीच तर घड्याळ आणि मोबाइल बघू नका. वीसेक मिनिटं गेली असं वाटलं की उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या.

एवढं सगळं एकदम करायला घेतलंत तर तोच नवा ताण होईल. पहिल्या आठवड्यात फक्त तपासण्या, बीपीची वही, दुखण्याच्या गोळीची पट्टी तपासणं आणि दाराचा सेन्सर. दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंची फाईल घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे, आणि शनिवारी नवऱ्याशी बोलणं. श्वास आजपासून, चालणं तिसऱ्या आठवड्यापासून चालेल. माझ्या पेशंटमध्ये मान आणि झोप आधी सुधारतात, पित्त त्यापाठोपाठ, बीपीला दोन-तीन महिने लागतात, पोटाचा घेर सगळ्यांत शेवटी. तीन आठवड्यांत वजन हललं नाही म्हणून सोडू नका.

एवढं करूनही दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, कारण नसताना रडू, किंवा ‘सुटले तर बरं’ असे विचार येत असतील तर ते माझ्या आवाक्यातलं नाही, मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तिथे उदासीसाठी देतात ती औषधं अल्प्राझोलामसारखी सवयीची नसतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

राहिली अश्वगंधा. काही आठवड्यांच्या छोट्या अभ्यासांत तिने ताण आणि झोप यात थोडा फरक दिसला आहे, त्यामुळे मी तिला थोतांड म्हणत नाही. पण ती थायरॉईडची पातळी वाढवू शकते, क्वचित यकृताला सूज आणते आणि अल्प्राझोलामबरोबर घेतली तर गुंगी वाढते. तुमच्या घरात रात्री उठून जिन्यापाशी धावायची वेळ येते. टीएसएच आणि त्यासाठी वेगळा करून घेतलेला लिव्हरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत, आणि अल्प्राझोलाम सुटेपर्यंत तरी घेऊ नका. नंतर घ्यायचीच झाली तर डबी डॉक्टरांना दाखवून, दोन महिन्यांपुरती.